उत्तर यायला लागणारा वेळ

१

अंजूचं काम कुठेही बसून करता येण्यासारखं होतं. म्हणून पौषात धाकटा भाऊ भुपेंद्र गेला आणि आई सुशिलाबाईंची अन्नावरची वासनाच उडाली, तेव्हा नागपूरची खोली आवरून देवरीला यायला तिला अडचण पडली नाही. घर गावाच्या टोकाला, हमरस्त्यापासून थोडं आत. वडील चुन्नीलाल मोहफूल, हिरडा, चारोळी असा रानमाल घ्यायला सकाळीच बाजाराच्या गावांना निघून जायचे. मग दिवसभर घरात मायलेकी दोघीच.

समोरच्या खोलीत भिंतीला पाठ करून अंजू कामाला बसायची. त्या भिंतीच्या पलीकडे भुपेंद्रची खोली होती. मधे दार, दाराला पडदा. आई रोज तिथे झाडू मारायची, खाटेवरची चादर झटकून पुन्हा तशीच अंथरायची, आणि पडदा ओढून बाहेर यायची. त्यावर कोणी काही बोलत नसे.

भुपेंद्रला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. त्या मुलखात घरोघरी कुणाला ना कुणाला असतोच. दुखणं उठलं की आठ-आठ दिवस तो अंथरुणात तळमळायचा, आणि विसाव्या वर्षापासून डाव्या पायाचा खुबाच झिजत गेला होता. तरी पोरगं मोठं उपकारी. घरात कोणी पाणी मागितलं, गावात कोणाचा कम्प्युटर बिघडला, की उठून निघालाच. "तू बस, मी उठतो," असं दुसरं कोणी म्हटलं की त्याला राग यायचा.

अंजू ज्या यंत्रावर काम करायची ते त्यानेच दिवाळीत जुळवून दिलं होतं. ताई कधीतरी घरी येईल, तेव्हा तिला असावं म्हणून.

तिची कंपनी दवाखान्यांचे रक्त-लघवीचे अहवाल सांभाळणारा प्रोग्राम करायची. त्यात काही बदल केला की तो आधी अंजूच्या यंत्रावर, लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालवून पाहायचा. कंटेनर म्हणजे यंत्राच्या पोटात आखून दिलेली एक वेगळी खोली. आत जो प्रोग्राम चालतो त्याला वाटतं, हेच सगळं घर. त्याला दिलं तेवढंच दिसतं, भिंतीपलीकडचं दिसत नाही. आणि आत सगळं ठाकठीक आहे ना, हे पाहायला एक लहानशी पहारेकरी कमांड दिवसभर चालू असायची. ती सारखी विचारायची, इथे काय काय आहे, कोणाचं आहे. उत्तर पापणी लवायच्या आत यायला हवं.

फाल्गुन सरता सरता अंजूच्या लक्षात आलं, की उत्तर यायला वेळ लागतो आहे.

२

आधी तिने मनावर घेतलं नाही. ऊन वाढलं होतं, यंत्र तापत असेल. पण चाचण्या रेंगाळू लागल्या, आणि नागपूरहून विक्कीचे फोन सुरू झाले. विक्की मूळचा गोंदियाचा, तिच्या हाताखाली काम करणारा, बोलायला हिंदी-मराठीची खिचडी. त्याच्याकडे तोच कंटेनर सुतासारखा सरळ चालत होता. म्हणजे दोष अंजूच्याच यंत्रात.

ती शोधाला लागली. असल्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कारण ती घाई करत नसे. डिस्क पाहिली, ठीक होती. मेमरी ठीक. कंटेनरच्या बाहेर तीच कमांड दिली, उत्तर लगेच. आत दिली, थांबा. बाहेर वेगळं काय आहे? ती बाहेर आपल्या फोल्डरमध्ये उभी राहून विचारत होती. कंटेनरला मात्र सगळंच सामायिक सामान दिलेलं होतं. आत नुसती नावं मागितली तर ती भराभर यायची. ही वस्तू कोणाची, असं विचारलं की मात्र स्क्रीन गोठायचा. पाणी पिऊन यावं इतका वेळ, आणि मग यादी एकदम उमटायची, जणू मधे काही झालंच नव्हतं.

तिने माग काढणारं साधन लावलं. कमांड कोणाकोणाला काय विचारते आणि कोण किती वेळात उत्तर देतं, ते त्यात ओळीने दिसतं. सगळी उत्तरं धडाधड येत होती. एकाच ठिकाणी ओळ अडून राहत होती.

त्या फोल्डरचं नाव होतं 'भुपू'.

ती बराच वेळ त्या नावाकडे बघत बसली. मग आठवलं. दिवाळीत त्याने आपल्या यंत्रातला एक फोल्डर तारेने तिच्या यंत्राला जोडून दिला होता, भावाबहिणीला एकमेकांच्या वस्तू घेता याव्यात म्हणून. तो फोल्डर तिला इथे दिसत असला तरी राहत होता भिंतीपलीकडे, त्याच्या यंत्रात. आणि ते यंत्र पौषापासून बंद होतं.

कारण सापडलं म्हणून तिला हायसं वाटलं. तिने विक्कीला फोन करून सांगितलं.

"दीदी, पण मशीन बंद आहे ना?"

"हो."

"मग तर ते लटकायला पाहिजे. सवाल जाईल आणि बसून राहील, हमेशा के लिए. देर से क्यों, जवाब आना ही नहीं चाहिए."

अंजूने फोन ठेवला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ती इतके दिवस उशिराचं कारण शोधत होती. चूक उशिरात नव्हतीच. उत्तर येत होतं, ही चूक होती.

३

पडदा सारून ती आत गेली. पौषानंतर ती त्या खोलीत अशी कामासाठी कधी गेली नव्हती. खोलीत आईने सकाळी मारलेल्या झाडूचा आणि बंद खिडकीचा वास होता. नवारीची खाट, उशाशी शेकायची रबरी पिशवी, कोपऱ्यात काठी. टेबलावर यंत्र, त्यावर आईने टाकलेला टॉवेल. अंजूने टॉवेल उचलला. विजेची वायर काढून तिची गुंडाळी करून ठेवलेली होती. भिंतीतून येणारी तारही निघालेली, टेबलाच्या कडेला लोंबत होती. तिने यंत्रावर तळवा ठेवला. बाहेर चैत्राचा उन्हाळा तापत होता आणि ते माठासारखं गार होतं.

परत येऊन तिने पुन्हा कमांड दिली. थांबली. उत्तर आलं. फोल्डर 'भुपू', मालक भुपेंद्र.

शिकलेलं डोकं अशा वेळी धावून येतं. जुनं उत्तर कुठेतरी साठून राहिलं असेल, तेच येत असेल, असं तिने ठरवलं. साठा पुसला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. उत्तर आलंच. फक्त आदल्या दिवसापेक्षा आणखी उशिरा आलं.

त्या रात्री तिने कोणाला काही सांगितलं नाही. जेवताना चुन्नीलालांनी विचारलं, काम कसं चाललं आहे. ती म्हणाली, चाललं आहे. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वाढायला वाकली.

४

दोन-चार दिवसांनी भरदुपारी लाईन गेली. अंजूचं यंत्र इन्व्हर्टरवर होतं, ते चालू राहिलं. कूलर मात्र बंद पडला. थंडीत दिवसभर तिच्या कानात हेडफोन असायचे, आता कूलरची घरघर भरलेली असे. ती थांबली आणि घर एकदम उघडं पडल्यासारखं झालं. अंगणात सुशिलाबाई पडवीच्या सावलीत बसून वाळलेली मोहफुलं निवडत होत्या. अंजूला त्या दारातून दिसत होत्या, सुपात हात फिरवणाऱ्या.

अंजूने कमांड दिली.

भिंतीपलीकडे खाट करकरली.

तिचा हात कळफलकावरच राहिला. एक पाऊल पडलं, पक्कं. मग फरशीवरून काहीतरी घासत पुढे आलं. पुन्हा पक्कं पाऊल, पुन्हा घासणं. आवाज टेबल होतं त्या बाजूला गेला आणि थांबला. स्क्रीनवर यादी उमटली. मग पाऊल, घासणं, पाऊल, घासणं, परत खाटेकडे, आणि खाट करकरली.

घूस असेल, ती मनाशी म्हणाली. पहारेकरी कमांड तिने आधी थांबवली. काही न करता बसून राहिली. पलीकडे काही नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरला, तरी काही नाही. मग तिने बोट पुढे करून कळ दाबली. खाट करकरली. पक्कं पाऊल. घासणं.

घूस कळ दाबायची वाट बघत नाही.

तिने मान वळवून अंगणाकडे पाहिलं. आईचे हात सुपात थांबले होते. ती अंजूकडे बघत नव्हती. डोकं किंचित कलतं करून ती ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते भय नव्हतं.

५

"तुले आता आयकू आलं काय?" सुशिलाबाईंनी विचारलं. त्या उठून आत आल्या होत्या आणि पडद्याशी जमिनीवर बसल्या होत्या. तिथे त्या रोजच टेकायच्या, अंजूने त्याचा कधी अर्थ लावला नव्हता; भिंतीला पाठ टेकली ती अगदी नेमकी जागा साधून. "मले तं तू आली त्या हप्त्यापासून येते."

"सांगितलं काऊन नाही?"

"कायले सांगू? तू मले डॉक्टरकडं नेलं असतं."

मग त्या हळूहळू बोलल्या. दुपारी अंजू कामाला बसली की तो उठतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. बहिणीच्या सोबतीला उठत असेल, असं त्यांनी धरलं. कूलर चालू असतानाही त्यांना ऐकू यायचं, कारण त्या पडद्याशीच बसायच्या. त्यानंतरच त्यांनी पुन्हा जेवायला सुरुवात केली होती. अंजूला वाटलं होतं, आपल्या येण्याने आई जेवू लागली.

"फक्त पाय लय दुखते त्याचा," त्या म्हणाल्या. "पहिले इतका घासत नव्हता."

अंजू खाली आईजवळ बसली. काय सांगायचं ते तिला कळलं होतं आणि ते सांगवत नव्हतं. दिवसभर चालणारी ती पहारेकरी कमांड. उत्तर आलं न आलं की पुन्हा विचारणारी. त्याने उठायचं, टेबलापर्यंत जायचं, बघायचं, परत येऊन खाटेवर टेकायचं, की पुन्हा हाक. सकाळपासून. रात्री सगळे निजल्यावरसुद्धा, कारण यंत्र ती कधीच बंद करत नसे. दोन महिने होऊन गेले होते.

"आई, तो फिरून नाही राहिला," ती म्हणाली. "मी उठवून राहिली त्याले."

सुशिलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग कमी नाही करता येत काय? दिवसातून एकडाव?"

मुलीला आईचा चेहरा बघवला नाही. तिने पहारेकरी कमांड बंदच ठेवली, आणि रोज दुपारी चहाच्या वेळी एकदाच विचारायचं ठरलं. चुन्नीलालांना दोघींनी सांगितलं नाही. त्यानंतरचे काही दिवस त्या घरात जवळजवळ सुखाचे गेले, हे अंजूला पुढे आठवलं की लाज वाटायची. चहा करायचा, दोघींनी पडद्याशी बसायचं, मांडीवर कळफलक घेऊन अंजूने एक कळ दाबायची. पावलं यायची. जायची. सुशिलाबाई डोळे मिटून घ्यायच्या.

एका दुपारी उत्तर लवकर आलं.

दुसऱ्या दिवशी आणखी लवकर. अंजूने हिशेब विक्कीला पाठवला, तो खूश झाला. म्हणाला, दीदी, ठीक हो रहा है, अपने आप. तिलाही क्षणभर तसंच वाटलं, की पायाचं दुखणं कमी झालं असेल. तिसऱ्या दिवशी तिने कळ दाबली तेव्हा उत्तर जवळपास लगेच उमटलं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खाट करकरली नव्हती. जाताना नाही, येताना नाही. काल नाही, परवाही नाही.

तो बसतच नव्हता.

ताईला उशीर होतो म्हणून त्याने खाटेवर जायचंच सोडून दिलं होतं. टेबलाशी उभा राहून तो वाट बघत होता.

अंजू उठली नाही. उठणं शक्यच नव्हतं. टेबलाकडून एक पाऊल पडलं होतं, मग घासणं, आणि ते तिच्याच बाजूला आलं होतं. तिच्या पाठीमागच्या भिंतीला पलीकडून काहीतरी टेकलं. वीतभर विटांच्या पलीकडे कोणीतरी दात आवळून श्वास आत ओढला, दुखणं उठलं की भुपेंद्र ओढायचा तसा. मग शांत. पुढचा प्रश्न येण्याची शांतता. ती ऊन कलेपर्यंत तशीच बसून राहिली, कळफलकापासून हात दूर धरून, चुकूनही बोट लागू नये म्हणून.

सुशिलाबाईंनीही ते ऐकलं होतं. दिवे लागायच्या वेळी त्या अंजूजवळ आल्या.

"लेकरू उभंच आहे वो," त्या म्हणाल्या. "सोड त्याले."

६

जोडलेला फोल्डर सोडवायची कमांड साधी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, चुन्नीलाल बाजाराला गेल्यावर, अंजूने ती दिली. यंत्राने नकार दिला. जागा वापरात आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आत कोणीतरी आहे.

कोणता प्रोग्राम तो फोल्डर धरून बसला आहे, ते तिने तपासलं. एकही नव्हता. पुन्हा कमांड दिली. पुन्हा तेच उत्तर.

जबरदस्तीने तोडायचा एक मार्ग होता. तो तिने घेतला नाही. दुसराही होता, सौम्य. त्यात यंत्र जोडणी लगेच सोडून देतं, नवीन कोणी काही विचारू शकत नाही; पण आत जो असेल त्याला ओढून काढत नाही. त्याला हातातलं काम संपवू देतं, आणि तो आपणहून निघाला की मग मागचं दार लावतं. तिने आईला हे समजावून सांगितलं. सुशिलाबाईंनी दोनदा विचारून घेतलं, त्याला ओढणार नाही ना. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाणी गरम केलं, पिशवीत भरलं, आणि पिशवी घेऊन पडदा सारून आत गेल्या. पडदा मागे पडला.

अंजूने कूलर बंद केला आणि कळ दाबली. या वेळी यंत्राने काही म्हटलं नाही.

पलीकडे हालचाल झाली. पक्कं पाऊल. घासणं. टेबलाकडे नाही, खाटेकडे. मधेच थांबलं. आईचा आवाज आला, लहान मुलाशी बोलावं तसा, शब्द कळले नाहीत. पडदा फरशीपासून हातभर वर होता. त्याखाली अंजूला आईची पावलं दिसली, वहाणा नसलेली, भेगाळलेली, खाटेकडे तोंड केलेली. भार उचलताना माणूस रोवतो तशी ती रोवलेली होती. आणि त्यांच्या शेजारी, घोट्यातून आत वळलेलं, बोटं ओढत नेणारं, एक डावं पाऊल.

अंजूने मान खाली घातली. ते तिने नीट पाहिलं नाही, आणि पुढे कधी तिला विचारलं असतं तरी तिला ते सांगता आलं नसतं.

खाट करकरली. नवार ताणल्याचा लांबट आवाज झाला, अंग पूर्ण टेकल्यावर होतो तसा. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

बराच वेळ गेला. शेवटी, काम म्हणून, हात मोकळा व्हावा म्हणून, अंजूने कंटेनरमध्ये पुन्हा एकदा यादी मागितली. बोट कळीवरून उचलायच्या आत ती आली. त्यात 'भुपू' नव्हता.

"विचारलं काय तू?" आतून आईने विचारलं.

"हो."

"आला जवाब?"

"आला."

"इतक्या लवकर," सुशिलाबाई म्हणाल्या. मग त्या रडू लागल्या. पौषात दवाखान्यातून गाडी घरी आली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. त्यानंतरही नाही. अंजू पडदा सारून आत गेली. आई खाटेच्या अगदी कडेला, अंग चोरून बसली होती, दुसऱ्याला जागा ठेवून बसतात तशी. अंजू तिच्या पायाशी जमिनीवर बसली, कारण खाटेवर बसायला तिला जागा दिसली नाही.